आमचं नाट्यगृह का राहायला हवं, हे दहा मिनिटांत कसं सांगू?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि गरजेपोटी काढतेय.

आमच्या तालुक्याच्या गावात नगरपरिषदेचं नाट्यगृह आहे. ते पाडून तिथे व्यापारी संकुल बांधायचा प्रस्ताव आलाय. वरच्या मजल्यावर 'बहुउद्देशीय सभागृह' देणार म्हणतात. मी नकाशा पाहून आले. रंगमंचाला पुढून मागे जेवढी जागा दाखवलीय तेवढ्यात लग्नाचा कोच आणि फुलांची कमान बसेल, नाटकाचा सेट बसणार नाही. विंगा नाहीत, मेकअपची खोली नाही, सामानाचा टेम्पो मागच्या बाजूला लावायला जागा नाही. हरकती मागवल्या होत्या, आमच्या हौशी संस्थेनं हरकत दिली. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. बोलायला दहा मिनिटं मिळणार. संस्थेनं माझं नाव पुढे केलंय, कारण गेली अठरा वर्षं संस्थेचे हिशेब मी ठेवते आणि कागद मला तोंडपाठ आहेत.

कागदांची मला काळजी नाही. काळजी वेगळीच आहे. गेल्या महिन्यात याच विषयावर नागरिकांची एक बैठक झाली. मी उठून म्हटलं, हा आपला सांस्कृतिक वारसा आहे, तो जपायला हवा. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उभे राहिले. अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, वारसा खरा आहे. पण पावसाळ्यात माझ्या उंबऱ्यात गटाराचं पाणी येतं. आधी ते बघायचं की नाटकं?" मला उत्तर देता आलं नाही. तो माणूस भांडायला आलेला नव्हता. त्याचं म्हणणं खरंच होतं.

म्हणून विचारतेय. ज्याच्या दारात गटार तुंबलंय त्याला नाट्यगृहाचं महत्त्व कोणत्या शब्दांत सांगायचं? आपण एकमेकांना सांगतो ते शब्द नकोत. ते मला येतात.

पंचगंगा

ताई, मी कोल्हापूरचा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा तिथे उभा होतो. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायक-नट केशवरावांची जयंती. रंगमंच गेला, छप्पर गेलं, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. त्या रात्री रडणाऱ्यांत नाटकवाले होतेच, पण माझ्या शेजारी एक भाजीवाल्या मावशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझी पोरगी पाचवीत असताना हितं नाचली हुती." नाटक त्यांनी आयुष्यात एकही पाहिलं नसेल. पण ती वास्तू त्यांचीसुद्धा होती.

तुमच्या गटाराच्या प्रश्नाकडे येतो. शाहू महाराजांनी ते नाट्यगृह १९१५ मध्ये बांधून पूर्ण केलं, तेव्हा नाव पॅलेस थिएटर. त्याला लागून खासबागचं कुस्त्यांचं मैदान. पैलवानांचा शड्डू आणि गवयांची तान यांच्यामध्ये एक भिंत. आणि साल बघा. राधानगरी धरणाचं काम १९०९ ला सुरू झालेलं, मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम १९१७ चा. म्हणजे धरण, शाळा, आखाडा आणि रंगमंच एकाच माणसानं आठ-नऊ वर्षांच्या आत हाती घेतले. आधी पाण्याचं मिटवू, मग नाटकाचं बघू, असं म्हटलं नाही. थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात त्यांनीच आणलं. त्या गायकीतून पुढे गोव्याच्या केसरबाई केरकर घडल्या, आणि त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातल्या सोनेरी तबकडीवर अवकाशात गेली. एका छोट्या संस्थानानं एका गवयाला आसरा दिला त्याचं हे फळ आहे. सुनावणीत हे नक्की सांगा.

हिशेबनीस

मी बँकेतून निवृत्त झालोय. नाटक मला आवडतं, तरी उलट बाजू मांडतो, कारण सुनावणीत ती कुणीतरी मांडणारच.

पंचगंगा, महाराजांचं उदाहरण मोठं आहे, पण निर्णय एका माणसाचा होता आणि तो माणूस द्रष्टा होता. आज पैसा घरपट्टी-पाणीपट्टीचा आहे आणि निर्णय सगळ्यांना पटवून घ्यायचाय. ताई, तुमचं नाट्यगृह वर्षातून किती दिवस वापरात असतं? देखभालीला किती जातं, भाड्यातून किती येतं? आणि सगळ्यात अवघड प्रश्न हा की आत बसतं कोण? रिक्षावाल्याच्या पट्टीतून वकिलाच्या नाटकाच्या तिकिटाला सवलत मिळत असेल, तर पैसा उलट्या दिशेनं वाहतोय. याचं प्रामाणिक उत्तर हातात असल्याशिवाय उभं राहू नका.

एक गोष्ट तुमच्या बाजूची. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही. म्हणजे हा इतर धंद्यांसारखा धंदा नाही, हे करव्यवस्थेनं आधीच मान्य केलंय. तेवढा दोर धरून ठेवा.

वडस्याकडचा

"आत बसतं कोण" यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, धान घरात आलं की नाटकं सुरू होतात. दिवाळीपासून होळीपर्यंत. वडसा हे नाटक कंपन्यांचं ठाणं. गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला की त्या रात्री नाटक ठरलेलंच. मंडप घालतात, जमिनीत खड्डा करून बसायला उतार करतात आणि रात्रभर नाटक चालतं. संवाद, गाणी, लावणी, विनोद, सगळं एकाच नाटकात. प्रेक्षक शेतकरी आणि शेतमजूर. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, पहाटे चहाच्या पातेल्याभोवती सोयरिकी जुळतात. कुणाचं अनुदान नाही, पक्कं नाट्यगृह नाही. आमच्या झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांना कळलं की असंही काही आहे.

गरीब माणसाला नाटक नको असतं, हे मी मानायला तयार नाही. तुमच्या गावचा रिक्षावाला आत येत नसेल तर दोष त्याच्या आवडीत शोधू नका. आमच्याकडे नाटक मंडळ गावाचं असतं, वर्गणी गावाची असते, म्हणून माणूस हक्कानं येतो. तुमचं नाट्यगृह गावाचं आहे की तुमच्या संस्थेचं? रागावू नका ताई, पण हे स्वतःला विचाराच.

तिसरी_घंटा

रागावले नाही. हा प्रतिसाद वाचून बराच वेळ गप्प बसले होते.

हिशेबनीस काका, नोंदवहीत फक्त भाड्यानं दिलेल्या तारखा आहेत. त्या हिशेबानं नाट्यगृह बहुतेक दिवस रिकामं. पण मला माहितीय की ते रिकामं नसतं. सकाळी मागच्या व्हरांड्यात शाळेची मुलं लेझीम बसवतात. वॉचमन दार उघडून देतो, पावती नसते. याची नोंद कुठेच नाही. उद्यापासून पंधरा दिवस मी आणि आमची दोन मुलं फाटकाजवळ वही घेऊन बसणार आहोत. कोण आलं, कशाला आलं, किती वेळ थांबलं, एवढंच लिहिणार.

कृष्णाकाठ

वहीची कल्पना फार आवडली. मी मिरजेचा, तंतुवाद्यांच्या गल्लीत वाढलोय, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

आमच्याकडे सतार आणि तंबोरा बनवणारे शिकलगार. मूळ काम हत्यारांना धार लावायचं, तलवारी संपल्या तसे हात वाद्यांकडे वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात, ते वाळवायचे, कापायचे, लाकडाशी सांधायचे, मग नक्षी, मग तारा, आणि सगळ्यात शेवटी जवारी. जवारी लावणं म्हणजे घोडीचा, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानानं ऐकत-ऐकत घासणं. तिथे मोजपट्टी चालत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता मुद्दा. लोकांना वाटतं हा धंदा मोठ्या कलाकारांवर चालतो. मोठा कलाकार आयुष्यात तंबोरे घेऊन घेऊन किती घेणार? धंदा चालतो शिकणाऱ्या पोरांवर, गावोगावच्या क्लासांवर. शिकणारं पोर कशामुळे तयार होतं? कुठेतरी, कधीतरी, समोर बसून ऐकल्यामुळे. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले, आणि त्यांच्या आठवणीत दर्ग्यात आजही उरुसाला मोठमोठे गवई येऊन गातात. तिकीट नाही, चिंचेच्या झाडाखाली बसायचं आणि ऐकायचं. मी तिथेच पहिल्यांदा किराणा घराण्याची गायकी ऐकली, आईच्या मांडीवर. गावातली अशी एक जागा बंद झाली की त्याचा फटका वीस वर्षांनी, दोनशे किलोमीटरवरच्या एखाद्या कारागिराला बसतो. तो कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. ताई, जमलं तर हे सांगा.

दूरदेशी

इंग्लंडमध्ये अर्थशास्त्र शिकवतो. एका गोष्टीपासून सावध करायला लिहितोय.

'नाट्यगृहामुळे रोजगार मिळतो, हॉटेलं चालतात, उलाढाल होते' हा युक्तिवाद खोटा नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका. उलाढालीच्या शर्यतीत व्यापारी संकुल तुम्हाला पहिल्याच मिनिटाला हरवेल. गाळ्यांचं भाडं आणि नाटकाचं भाडं एका तराजूत घातलंत की निकाल लागलाच. इथे मी हे होताना पाहिलंय. कलावाले वर्षानुवर्षं अर्थखात्याच्या भाषेत बोलत राहिले, आणि खर्चात कपात करायची वेळ आली तेव्हा त्याच भाषेत त्यांना उत्तर मिळालं.

नाट्यगृह तोट्यात का जातं, याचंही कारण सांगा, कारण तो कुणाचा गलथानपणा नाही. बॉमोल आणि बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये ते मांडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर, मानापमान हे संगीत नाटक १२ मार्च १९११ ला रंगभूमीवर आलं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत कापड विणायला लागणारी माणसं कितीतरी कमी झाली. पण त्यातल्या नायकाचं, धैर्यधराचं, पद गायला तेव्हाही एक गायक लागायचा, आजही एकच लागतो, आणि वेळही तेवढाच लागतो. बाहेरची मजुरी वाढते तशी त्या गायकाची, तबलजीची, पडदा ओढणाऱ्याचीही वाढवायला हवी, पण कामाचा वेग वाढवता येत नाही. म्हणून खर्च चढत जातो. शिक्षकाचं आणि परिचारिकेचं कामही याच जातीचं आहे. शाळा तोट्यात जाते म्हणून आपण ती पाडत नाही.

पंचगंगा

मानापमानाचा विषय निघाला म्हणून. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले त्याच नाटकात एकत्र उभे राहिले, एक नायिका भामिनी, एक धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक. टिळक स्वराज्य फंडासाठी. पुढच्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं एकतीस. लोकांच्या कामासाठी रंगभूमीनं हात दिला, हेही आपल्याच इतिहासात आहे. आता रंगभूमीनं मागितलं तर ती भीक होत नाही.

कलम_आणि_पोटकलम

थोडक्यात लिहितो, उपयोगी पडेल.

सुनावणीत कुणीतरी म्हणेल की नाट्यगृह हे नगरपालिकेचं काम नाही. तेव्हा राज्यघटनेची बारावी अनुसूची दाखवा. ७४ व्या घटनादुरुस्तीनं ती आली. शहरी स्वराज्य संस्थांकडे सोपवायच्या अठरा विषयांची यादी आहे. त्यात पाणीपुरवठा आहे, रस्ते आहेत, सार्वजनिक आरोग्य आहे. बाराव्या क्रमांकावर उद्यानं आणि मैदानं, तेराव्या क्रमांकावर सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना. बागेच्या पाठोपाठची ओळ.

अडचणही सांगून ठेवतो. कायद्यात कर्तव्यांची दोन खाती असतात, बंधनकारक आणि ऐच्छिक. गटार पहिल्यात, नाट्यगृह दुसऱ्यात. म्हणून 'गटाराऐवजी नाट्यगृह' असा सूर चुकूनही लागू देऊ नका. गटार करणं हे त्यांचं कर्तव्य आहेच. नाट्यगृह पाडल्यानं ते कर्तव्य पार पडतं का, एवढाच प्रश्न विचारा. संकुलाच्या प्रस्तावात त्या गृहस्थांच्या गल्लीतल्या गटाराला एक रुपया तरी ठेवलाय का, ते अंदाजपत्रकात तपासा.

मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्याकडे पणजीत कला अकादमी आहे, चार्ल्स कोरियांनी आखलेली, १९८३ साली पूर्ण झालेली. मला तिची सर्वांत मोठी गोष्ट कुठली वाटते सांगू? रस्त्यावरून माणूस सरळ आत शिरतो आणि सावलीतून चालत पलीकडे मांडवीच्या काठावर निघतो. मध्ये दार नाही. तिकीट नाही. कार्यक्रमाला आलाय की फिरायला, कुणी विचारत नाही. लहानपणी आम्ही नदी बघायला म्हणून जायचो, आणि वाटेत कुठल्यातरी खोलीतून तबल्याचा आवाज यायचा, तिथे पाय थबकायचे. सभागृहात मारियो मिरांडांनी भिंतींवर बाल्कन्या आणि त्यात बसलेले प्रेक्षक रंगवलेत. शाळेच्या सहलीला गेलो तेव्हा नाटकापेक्षा आम्ही तेच बघत बसलो होतो.

वडस्याकडच्या भावाचा प्रश्न तोच आहे. तुमच्या नाट्यगृहाचं फाटक कार्यक्रम नसताना बंद असतं ना? बंद फाटकाच्या आत काय मोलाचं आहे, हे बाहेरून जाणाऱ्याला कसं कळणार?

हिशेबनीस

हा मुद्दा मला पटला. ताई, वहीचं काय झालं ते सांगा.

तिसरी_घंटा

पंधरा दिवस झाले. लिहायला घेतलं तेव्हा वाटलं नव्हतं एवढं सापडलं.

पंधरा दिवसांत भाड्याची तारीख होती एकच, एका पतसंस्थेची सर्वसाधारण सभा. पण वहीत काय काय आहे बघा. लेझीमवाली मुलं आठ दिवस आली. महिला भजनी मंडळ दर गुरुवारी पायऱ्यांवर बसतं, कारण देवळात लाउडस्पीकरमुळे सूर ऐकू येत नाही. बँड पथकातला एक मुलगा रोज दुपारी क्लॅरिनेट घेऊन मागच्या भिंतीशी उभा राहतो. घरी दोन खोल्यांत सहा माणसं, वाजवणार कुठे? पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली अंगणात व्यायाम करतात. दोन म्हातारे फक्त बसायला येतात. आणि एक बाई, तिनं नाव सांगितलं नाही, बंद दाराच्या फटीतून आत बघत उभी होती. विचारलं तर म्हणाली, लग्नाआधी कामगार नाट्यस्पर्धेत एकदा काम केलं होतं, स्टेज अजून तसंच आहे का बघायचं होतं. मी दार उघडून दिलं. ती विंगेत जाऊन उभी राहिली, बोलली काहीच नाही, आणि पाच मिनिटांनी निघून गेली.

मग मी त्या गटारवाल्या गृहस्थांच्या घरी गेले. उंबऱ्यातल्या पाण्याची खूण भिंतीवर दिसत होती. मी विचारलं, तुम्ही कधी नाट्यगृहात आलायत का? ते म्हणाले, "नाही. तिथं आमचं काय काम?" हे त्यांनी चिडून म्हटलं नव्हतं. 'कलेक्टर कचेरीत आमचं काय काम' म्हणावं तसं म्हणाले. अठरा वर्षं मी हिशेब ठेवले, आणि हे वाक्य ऐकायला त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. त्यांच्या गल्लीच्या गटाराच्या अर्जावर मी सही केली. वकील दादांनी सांगितलं तसं अंदाजपत्रकही पाहिलं. प्रस्तावात त्या गटाराला काही नाही.

वडस्याकडचा

आता तुम्ही बोलायला मोकळ्या, ताई.

तिसरी_घंटा

काल सुनावणी झाली. जसं झालं तसं सांगते.

मी सुरुवात गटारापासून केली. म्हटलं, ते आधी करा, त्या अर्जावर माझीही सही आहे, आणि या प्रस्तावातून ते होणार नाही. मग वही वाचली. सगळी नाही, चार दिवसांची पानं. 'वारसा' हा शब्द एकदाही काढला नाही. वाचताना आधी कुजबुज होती, क्लॅरिनेटवाल्या मुलाशी आले तेव्हा सगळे ऐकत होते. मग बारावी अनुसूची, बागेच्या पाठोपाठची ओळ. तोट्याचं कारण सांगितलं, धैर्यधराचं उदाहरण तसंच्या तसं वापरलं. मिरजेचं राहून गेलं, कृष्णाकाठ, वेळ संपत आली होती.

शेवटी जे बोलले त्यावरून संस्थेतले दोघं माझ्यावर नाराज आहेत. मी म्हटलं, चूक आमचीही आहे. ही वास्तू गावाची असताना आम्ही ती आपली असल्यासारखी वापरली. आम्हाला तारीख मिळाली की आमचं काम झालं, फाटक बंद. म्हणून संस्थेच्या वतीनं तीन गोष्टी मागितल्या. सकाळी सहा ते दहा फाटक सगळ्यांसाठी उघडं राहावं आणि पावतीशिवाय सरावाला परवानगी असावी. बाजाराच्या दिवशी बाजारात फळा लागावा, महिन्याचे कार्यक्रम आणि तिकिटाचा दर लिहिलेला. आणि बायकांच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती आधी व्हावी, खुर्च्यांच्या आधी, कारण तीन तासांच्या नाटकाला बायका का येत नाहीत याचं अर्धं उत्तर तिथे आहे. फाटक उघडायला आणि फळा लिहायला माणसं संस्था देईल, हे मी लेखी दिलंय. या मागण्या त्यांना न विचारता केल्या म्हणून ते दोघं नाराज आहेत. त्यांच्याशी बोलायचंय अजून.

गटारवाले गृहस्थ आले होते. बोलले नाहीत, पण शेवटपर्यंत बसले.

निकाल नाही. प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवलाय आणि 'दुरुस्तीचा पर्याय किती खर्चाचा पडेल' याचा अंदाज तीस दिवसांत सादर करा, असं आम्हालाच सांगितलंय. म्हणजे अजून काहीही होऊ शकतं.

म्हणून आता नवीन विनंती. इमारतीचं काम बघणारा अभियंता गावात मिळाला. पण रंगमंचाची वायरिंग बघणारं कुणी नाही. डिमर जुने आहेत, लाइटच्या बारवरच्या तारा उघड्या पडल्यात, आणि कोल्हापूरचं वाचल्यापासून मला रात्री तेच डोळ्यांसमोर येतं. नाट्यगृहाच्या विजेचं काम प्रत्यक्ष केलेलं कुणी आहे का? प्रवासखर्च आणि जेवण आमच्याकडे.

कृष्णाकाठ

सांगलीत आहे एक जण. राज्य नाट्य स्पर्धेला वर्षानुवर्षं लाइट करतात, परवानाधारक आहेत. आजच विचारतो. नाट्यगृहाचे आतले फोटो आणि मेन स्विचच्या बोर्डाचा जवळून काढलेला फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवा. येत्या रविवारी जमत असेल तर त्यांना घेऊन मीच येईन. येताना एक तंबोरा आणतो, सकाळी सहाला फाटक उघडून ठेवा.

तिसरी_घंटा

फोटो पाठवलेत. भजनी मंडळाला रविवारचं सांगून ठेवते.